अधिक चिन्हावरचे म्हातारे : एनजीसी २३६२ च्या प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तारकागुच्छ ठरला. एनजीसी २३६२, बृहल्लुब्धक तारकासमूहात, व्याधाच्या खाली डावीकडे.

यादीत तीन नावं होती. ययातीतला जोडगुच्छ देखणा आहे, पण एम.एस्सी.च्या एका सत्रात दोन गुच्छ झेपायचे नाहीत, आणि त्याचं वय साधारण १ कोटी ४० लाख वर्षं. मला याहून लहान हवा होता. शृंगाश्वातला एनजीसी २२६४ अगदी कोवळा, पण तेजोमेघात गुरफटलेला. एका ताऱ्यापुढे धूळ दाट, शेजारच्यापुढे विरळ. प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडत बसावं लागेल. २३६२ मध्ये तेजोमेघाचा मागमूस नाही, वाटेतली धूळ कमी आणि सगळा ऐवज सातआठ कलांत मावतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा).

छापील शोधलेखांत वय ५० लाख वर्षांच्या आसपास. म्हणजे सूर्याएवढे तारे अजून आकसत आहेत, मुख्य अनुक्रमावर, म्हणजे ताऱ्याच्या स्थिर प्रौढपणाच्या टप्प्यावर, पोचायचेत. आणि मधोमध बसलेला टाऊ, गुच्छातला सर्वांत तेजस्वी तारा, मात्र अनुक्रम सोडून पुढे निघालाय. एकाच घरात बारसं आणि निवृत्तीचा सत्कार.

तोटा एकच, क्रांती उणे २५ अंश, म्हणजे गुच्छ खगोलीय विषुववृत्ताच्या २५ अंश दक्षिणेला. जुन्नर तालुक्यातल्या मामांच्या मळ्यावरून तो जास्तीत जास्त ४६ अंश वर येतो. डोक्यावरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला जेवढी हवा ओलांडावी लागते त्याच्या १.४ पट हवा याच्या वाट्याला. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "चालेल, पण हवेचा हिशेब चोख ठेव. आणि वय काढणार असं आत्तापासून कुठे लिहू नकोस."

त्यामुळे प्रश्न असा लिहिला: या गुच्छातले सगळे तारे एकदमच जन्मले, की काही लाख वर्षं मागेपुढे?

४ जानेवारी २०२५, शनिवार (रात्र पहिली)

साहित्य: कॉलेजची ८ इंची न्यूटोनियन दुर्बीण, नाभीय अंतर १००० मिमी. गार होणारा मोनोक्रोम कॅमेरा, पिक्सेल ३.८ मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये ०.७८ विकला. बी (निळा) आणि व्ही (हिरवा-पिवळा) फिल्टर. यू (अतिनील) फिल्टर नाही. असता तरी या कॅमेऱ्याला त्या टोकाचं फारसं दिसत नाही. हे पुढे नडणार आहे.

चंद्रकोर अकराच्या आत मावळली. गुच्छ बरोबर एकला दक्षिणोत्तर रेषेवर आला. टाऊ ४.४ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद), बाकीचे बी वर्गाचे, म्हणजे तापलेले निळसर, तारे ८ पासून पुढे, आणि मला हवेत ते १३ ते १६ प्रतीचे. एका एक्स्पोजरमध्ये हे सगळं बसत नाही. म्हणून २ सेकंदांचे छोटे आणि ६० सेकंदांचे मोठे असे दोन संच घेतले. मोठ्या संचात साडेदहाव्या प्रतीपर्यंतचे तारे तुडुंब भरून वाया जातात, ते छोट्या संचातून घ्यायचे. टाऊ दोन्हीकडे वाया जातो. तो जाऊ दे.

मामांची अट: एकटं बसायचं नाही आणि मोबाईलवर गाणी चालू ठेवायची. खळ्याला लागूनच ऊस आहे आणि उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन असल्याची गावात चर्चा आहे. मामेभाऊ बारावी सायन्सला आहे, तो बॅटरी आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन राखणीला. सव्वाला उसात काहीतरी सळसळलं आणि त्याने बॅटरी गरागरा फिरवली, थेट ट्यूबच्या तोंडातून सुद्धा. सहा फ्रेम गेल्या. डुक्कर होतं.

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. दोनला मामा दारं धरायला गेले, त्यांच्या डोक्यावरच्या टॉर्चने आणखी दोन फ्रेम खाल्ल्या. त्यांना काय बोलणार.

दव भयंकर. साडेतीनला दुय्यम आरसा ओला झाला, तिथेच थांबलो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काल पौर्णिमा होती, त्यामुळे आठवडाभर टेबलकामच.

कॅमेऱ्याचा स्वतःचा खोटा उजेड (बायस, डार्क) वजा केला, फ्लॅटने, म्हणजे सपाट उजेडाच्या फोटोने, भागलं. संधिप्रकाशातले फ्लॅट बी फिल्टरला कमी पडले, पुढच्या वेळी आधी बी घ्यायचा. बाकी यात लिहिण्यासारखं काही नाही.

एरवी ताऱ्याभोवती वर्तुळ काढून आतला प्रकाश मोजायचा आणि बाहेरच्या कड्यातून आकाशाचा उजेड काढून वजा करायचा, ही साधी रीत. विरळ भागात ती पुरते. इथे मधल्या भागात तारे खांद्याला खांदा लावून आहेत, एकाच्या वर्तुळात दुसऱ्याचा उजेड शिरतो. म्हणून १९८७ मध्ये पीटर स्टेटसन यांनी मांडलेली डाओफॉट या संगणक प्रणालीची रीत घेतली: एकट्या, स्वच्छ ताऱ्यांवरून ताऱ्याच्या ठिपक्याचा साचा बनवायचा आणि तोच साचा प्रत्येक ताऱ्यावर उंची कमीजास्त करून बसवायचा. साच्यासाठी २२ तारे निवडले. ठिपक्याची रुंदी ३.४ विकला. मळ्यावर ४६ अंशांवर याहून चांगलं मिळणार नाही.

२५ जानेवारी, शनिवार (रात्र दुसरी)

आजची रात्र प्रमाण ताऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांची प्रत आधीच अचूक ठाऊक आहे अशांसाठी. लँडोल्टच्या १९९२ च्या यादीतलं एसए ९८ हे क्षेत्र आमच्या गुच्छाच्या अर्धा तास आधी मध्यावर येतं आणि खगोलीय विषुववृत्तावर असल्यामुळे मळ्यावरून ७० अंश उंच चढतं. त्यात ९८-६५३ हा पांढराशुभ्र आणि ९८-६७० हा तांबूस (११.९३ प्रत; रंगांक, म्हणजे बी आणि व्ही प्रतींतला फरक, १.३६) एकाच फ्रेममध्ये येतात. रंगानुसार आमच्या फिल्टरांचा कल किती बदलतो ते एका फटक्यात कळतं.

बेत असा: क्षेत्र उंच असताना एकदा घ्यायचं, मग मध्य ओलांडल्यावर पावणेतीन तासांनी, ते पश्चिमेला ४५ अंशांवर उतरल्यावर पुन्हा. मध्ये गुच्छ.

साडेअकरापर्यंत सगळं सरळ. व्हीमध्ये दर हवामात्रेमागे (थेट डोक्यावरची हवा म्हणजे एक मात्रा) ०.२२ प्रतीची घट, ठीकच म्हणायची. बारानंतर आकडे घसरू लागले. पहाटे दोनला त्याच ताऱ्यांवरून काढली तर घट ०.३४, आणि बीमध्ये त्याहून वाईट. ढग नाही, व्याध लखलखतोय. मी फिल्टरवर दव पडलं का बघत होते तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, वास येत नाही का तुला? पाचट पेटवलंय."

ओढ्यापलीकडे तोड संपलेलं रान पेटवलं होतं. ज्वाळा दिसत नव्हत्या, नुसता धूर खाली सपाट पसरलेला, नेमका दक्षिणेकडे. गळीत हंगाम मार्चपर्यंत आहे, म्हणजे हे वरचेवर होणार.

रात्रीचा दुसरा अर्धा भाग कॅलिब्रेशनमधून बाद. साडेअकराच्या आधीच्या फ्रेमवरून गुच्छातले ३१ चमकदार तारे पक्के केले. यापुढे प्रत्येक फ्रेममध्ये त्यांच्याच आधारे बाकीचे मोजायचे, म्हणजे धूर आला तरी सगळ्यांना सारखाच येईल. नोंदवहीत नवा रकाना: वास.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली रंग-प्रत आकृती: आडवा रंगांक, डावीकडे निळे आणि उजवीकडे तांबूस; उभी प्रत, तेजस्वी वर.

वरचा भाग तर पुस्तकातल्यासारखा. बी वर्गाचे तारे ८ पासून ११ पर्यंत उभ्या रांगेत, रेष ओढावी तसे. बाराव्या प्रतीनंतर रांग उजवीकडे झुकते आणि तेराच्या खाली मुख्य अनुक्रमापासून सुटून वर राहते. हेच ते अजून आकसणारे तारे. २००१ मध्ये मोइतिन्यो आणि सहकाऱ्यांनी याच गुच्छात ही रांग किती रेखीव आहे ते दाखवलं होतं. त्यांची मोठ्या दुर्बिणीतून खूप खोलवर जाते, आमची सोळाव्या प्रतीला दम तोडते. पण आहे! मळ्यातून, आठ इंचांतून, आहे.

मात्र त्यांची रेखीव आणि आमची पसरट. १३.५ ते १५.५ या टप्प्यात दीड प्रतीची पसरण. काही तारे रांगेच्या वर, म्हणजे कोवळे. आणि १९ तारे खाली डावीकडे, जवळपास मुख्य अनुक्रमावर बसलेले, म्हणजे चांगले वयस्क.

रात्रभर झोप नाही. एकदम जन्म नाही, मागेपुढे झालाय! माझ्या प्रश्नाचं उत्तर, आणि तेही छापील उत्तराहून वेगळं. दोन पानी मसुदा लिहून मॅडमना पाठवला.

५ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमचं उत्तर एका ओळीचं: "ते १९ म्हातारे फ्रेमवर कुठे आहेत ते दाखव."

दाखवले. व्ही फ्रेमवर लाल गोल काढले. १९ पैकी १३ गोलांचं मिळून एक अधिक चिन्ह झालं, मध्यभागी टाऊ.

न्यूटोनियनमध्ये दुय्यम आरसा चार पात्यांवर टांगलेला असतो. प्रखर ताऱ्याला त्या पात्यांमुळे चार किरण फुटतात, फोटोत छान दिसतात, दिवाळीच्या कार्डावर असतात तसे. टाऊचे किरण ६० सेकंदांच्या फ्रेममध्ये तीन-साडेतीन कलांपर्यंत जातात. त्या किरणांवर बसलेल्या ताऱ्यांच्या मापात टाऊचा उजेड मिसळलाय. आकाशाचा उजेड काढायचं कडं मात्र बहुतेक किरणाच्या बाहेर पडतं, त्यामुळे तो वजाही होत नाही.

इथवर समजलं. पण मग उजेड वाढला तर तारा तेजस्वी दिसेल, म्हणजे रांगेच्या वर, म्हणजे कोवळा. आमचे तर खाली गेलेत, म्हातारे झालेत. तासभर चिन्हांची उलटापालट करत बसले, शेवटी एक ताराच हातात घेतला.

प्रत १४.५, रंगांक ०.८०. त्यात व्हीमध्ये पाचवा हिस्सा परका उजेड टाकला. व्हीमध्ये तो ०.२ प्रतीने वाढला. पण परका उजेड टाऊचा, निळा. बीमध्ये त्याचा हिस्सा जवळपास निम्मा, तिथे वाढ ०.४२. रंगांक उतरला ०.५८ वर. आता एवढ्या निळ्या रंगाचा मुख्य अनुक्रमावरचा तारा आधीच्या रंगाच्या ताऱ्यापेक्षा एक प्रतीहून जास्त तेजस्वी असतो. आमचा वाढला फक्त ०.२ ने. म्हणजे तो वर सरकला थोडासा आणि डावीकडे सरकला भरपूर, आणि अनुक्रमाला जाऊन टेकला. जास्त उजेड पडला म्हणून तारा म्हातारा दिसला.

मसुदा परत मागवला. मॅडमनी तो वाचल्याचा विषयच काढला नाही, ही मेहरबानी.

२२ फेब्रुवारी, शनिवार (रात्र तिसरी)

उपाय फुकटचा निघाला. ट्यूब दोन कड्यांमध्ये आवळलेली असते. कडी सैल करून ती स्वतःभोवती ४५ अंश फिरवली. अधिकाचा गुणाकार झाला. किरण हलले, तारे जागेवर. जे तारे ४ जानेवारीला किरणावर होते ते आज मोकळे, आणि आज जे किरणावर आहेत ते त्या दिवशी मोकळे होते. दोन्ही रात्री मिळून प्रत्येक ताऱ्याचं एकतरी स्वच्छ माप हाती येतं. फक्त टाऊपासून ४० विकलांच्या आतले सोडून द्यायचे, तिथे काहीच खरं नाही.

गुच्छ पावणेदहालाच मध्यावर. रकाना, वास: नाही. दव कमी. बिबट्या: ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कुत्रं नेलं, त्यामुळे भाऊ आज डबा न वाजवता वाजवण्याच्या तयारीत बसला होता, ते जास्त त्रासदायक.

१ मार्च, शनिवार

१३ पैकी ११ म्हातारे तरुण झाले. उरलेले दोन खरंच तिथेच आहेत.

८ मार्च, शनिवार

ते दोन, आणि किरणाबाहेरचे सहा, असे आठ उरले. ते गुच्छातले आहेत कशावरून? आकाशाच्या त्याच तुकड्यात पुढचे-मागचे तारे दिसणारच, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात तर गर्दीच.

गाया या युरोपीय अंतराळ दुर्बिणीचा तिसरा डेटा संच (जून २०२२ चा) उघडला. गुच्छाच्या मध्यापासून १० कलांच्या आतले, १७ प्रतीपर्यंतचे तारे मागवले. एका अक्षावर पूर्व-पश्चिम निजगती (ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं), दुसऱ्यावर उत्तर-दक्षिण. सगळीकडे भुरभुर आणि मध्येच एक घट्ट गोळा, दरवर्षी सुमारे उणे २.८ आणि अधिक २.९ सहस्रांश विकलांवर. एकत्र जन्मलेले एकत्रच चाललेत. इतकी उघड गोष्ट क्वचित बघायला मिळते. माझ्या आकृतीतले ७३ तारे या गोळ्यात, बाकीचे परके. आठपैकी सात परके. आठव्याची निजगती जुळते, पण त्याचं माप दोन्ही रात्री वेगवेगळं आहे. त्याला सध्या १७ क्रमांक दिलाय आणि बाजूला ठेवलाय.

पराशयाची (पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे ताऱ्याचं दिसणारं हेलकावणं, त्यावरून अंतर निघतं) सरासरी ०.७४ सहस्रांश विकला. गायाच्या मापातली ठाऊक असलेली शून्याची चूक दुरुस्त केल्यावर अंतर साधारण १३०० पार्सेक, म्हणजे ४२०० प्रकाशवर्षं. मोइतिन्यो यांच्या २००१ च्या लेखात १४८० पार्सेक आहे. हा फरक प्रतीत ०.२८ एवढा. किरकोळ वाटतो, पण तारा जवळ आला की तो मुळात तेवढा तेजस्वी नाही असं ठरतं. आकसणाऱ्या ताऱ्यात तेज कमी म्हणजे आकसून जास्त दिवस झाले. वय तेजाच्या दीडाव्या घाताने उलटं बदलतं. ०.२८ प्रतीचा गुणाकार जवळजवळ दीडपट येतो. कॅमेरा तोच, तारे तेच, फक्त अंतर बदललं आणि ५० लाखांचे ७०-७५ लाख झाले.

मॅडम डिसेंबरमध्ये काय म्हणाल्या होत्या ते आज कळलं.

१६ मार्च, रविवार

धुळीचा हिशेब. यू फिल्टर नसल्यामुळे दोन रंगांची आकृती काढून धूळ थेट मोजता येत नाही. आडवाट: वर्णपटावरून ज्यांचा वर्ग आधीच ठरलेला आहे असे नऊ बी तारे घेतले. वर्गावरून मूळ रंग कळतो, आमचा मोजलेला रंग त्याहून तांबूस येतो, तो फरक धुळीचा. सरासरी ०.१०, छापील आकड्याशी जुळतो. त्याला ३.१ ने गुणलं की व्हीमधली घट ०.३१ प्रत.

याच वाटेवर १९३० मध्ये खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रम्पलर होता. त्याने शंभर खुल्या गुच्छांची अंतरं तेजावरून काढली, तर लांबचे गुच्छ आकाराने मोठे निघू लागले. गुच्छ आपल्यापासून दूर गेला म्हणून फुगणार थोडाच. तेव्हा मधे काहीतरी उजेड खातंय, असा त्याने निष्कर्ष काढला. पाचट त्यालाही भेटलं होतं, फक्त फार मोठ्या रानातलं.

२८ मार्च, शुक्रवार

काल गाया कायमचं बंद केलं. निरीक्षणं १५ जानेवारीलाच थांबली होती, काल शेवटची आज्ञा गेली. आम्ही इथे धुरात चाचपडत होतो त्याच हिवाळ्यात ते यान संपलं, आणि त्याच्याविना माझे ७३ तारे परक्यांतून वेगळे झाले नसते. भावाला सांगितलं तर म्हणाला, "मग आता डेटा मिळणार नाही?" मिळेल, गोळा केलेला बराचसा अजून बाहेर यायचाय.

आज वरच्या बाजूची पसरण. खालचे म्हातारे निकालात निघाले, पण रांगेच्या वर अजून १४ तारे आहेत, कोवळे दिसणारे. इथे मात्र मसुदा लिहायची घाई केली नाही. दोन सारखे तारे इतके जवळ असतील की आमच्या ३.४ विकलांच्या ठिपक्यात एकच दिसतील, तर रंग तोच राहतो आणि तेज दुप्पट होतं, म्हणजे ०.७५ प्रत वर. १४ पैकी ९ तारे रांगेच्या वर ०.५ ते ०.८ या पट्ट्यातच आहेत. त्यातल्या पाचांचं गायाच्या मापातलं डळमळणंही मर्यादेबाहेर आहे. एकट्या ताऱ्यासाठी जो आकडा १ च्या जवळ असायला हवा तो यांचा १.४ च्या वर. जोडपी असणार. सगळीच जोडपी असं म्हणवत नाही.

किरण काढले, परके काढले, संशयित जोडपी काढली. उरलेल्या रांगेची पसरण ०.३ प्रत. त्यात आमच्या मापातली चूकच पंधराव्या प्रतीला ०.१ आहे, रंगातली धरली तर आणखी.

परवा पाडवा. घरी जाते.

६ एप्रिल, रविवार

अहवालातलं वयाचं वाक्य, सहावा मसुदा: "१३०० पार्सेक अंतर आणि ०.१० रंगफरक धरल्यास १३.५ ते १५.५ प्रतीच्या ताऱ्यांची रांग ५० ते ८० लाख वर्षांच्या समवयरेषांमध्ये (एकाच वयाचे तारे आकृतीवर जिथे पडायला हवेत त्या रेषांमध्ये) बसते. ताऱ्यांच्या जन्मात यापेक्षा जास्त अंतर असल्याचा पुरावा आमच्या मापांत नाही." मॅडमनी "यापेक्षा जास्त" खाली रेघ ओढून विचारलं, "आणि यापेक्षा कमी असल्याचा?" तोही नाही. तसं लिहिलं.

अधिक चिन्हाची आकृती परिशिष्टात टाकणार होते, मॅडमनी ती मुख्य भागात आणायला लावली. पान ११.

१९ एप्रिल, शनिवार

कॅमेरा उद्या पुण्याला परत. मामांनी चार महिन्यांत एकदाही दुर्बिणीतून पाहिलं नव्हतं, आज म्हणाले, "एवढं काय राखत होतो ते दाखव तरी." आठ वाजता गुच्छ नैर्ऋत्येला ३५-३७ अंशांवर होता. साधी नेत्रिका लावली.

"एकच तर आहे, मोठा," मामा म्हणाले. मग स्वतःच ट्यूबला बोटाने हलकेच ढकललं, टाऊ कडेच्या बाहेर गेला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग पुटपुटत मोजायला लागले, वीसपर्यंत ऐकू आलं.

सिलिका जेल तव्यावर भाजून परत भरलं. आरशाला झाकण. ट्यूब ४५ वरच आवळून ठेवली आहे, पुढच्या बॅचने आधी ते तपासावं. १७ क्रमांकाच्या ताऱ्याला आणखी दोन रात्री हव्यात, डिसेंबरात.